फादर कुरियाकोसची मारबत

श्रावण संपत आला की आमच्या शाळेतले मास्तर अचानक गोड बोलायला लागतात. गृहपाठ कमी होतो, छड्या कपाटात जातात आणि बोर्डिंगच्या जेवणातलं पाणचट वरण एकदम घट्ट होतं. नवीन माणसाला वाटतं, ख्रिस्ती शाळा आहे, प्रेमाचा संदेश असा अंगी मुरलेला दिसतो. प्रेम कसलं आलंय! सगळे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला भितात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात सकाळी सकाळी मारबत निघते. बांबू, तणस म्हणजे धानाचा पेंढा, पळसाच्या फांद्या आणि जुने कपडे यांची बाहुली करायची, डफडं वाजवत शिवेबाहेर न्यायची आणि बोंब मारायची, ‘खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!’ गावाचं दुखणं तिच्यासोबत गावाबाहेर. सगळीकडे हे असंच चालतं. फक्त आमच्या सेंट अँड्र्यूज बॉईज हायस्कुलात दहावीची पोरं मारबतीला एका जिवंत माणसाचं तोंड लावतात. यंदा कोणाचं, ते पोळ्याच्या संध्याकाळपर्यंत कोणाला सांगत नाहीत. निवडण्याचा हक्क दहावीचा, आणि तो आजवर एकाही मुख्याध्यापकाला काढून घेता आलेला नाही.

याला जबाबदार आमचे संस्थापक, फादर ऑगस्टिन. साहेब युरोपातून आले, नाकाडोंगरीच्या रस्त्याला धानाच्या एका रिकाम्या गोदामात त्यांनी वर्ग भरवला आणि समोर एक बोडी खणली. आमच्याकडे लहान तलावाला बोडी म्हणतात. पहिल्याच वर्षी त्यांना पोरं बाहुली घेऊन ओरडत जाताना दिसली. त्यांनी आसाराम चपराश्याला विचारलं, हे काय चाललंय? आसाराम म्हणाला, “वाईट बाहेर काढून राहिले जी.” फादरना वाटलं, अरे, मी तरी दुसरं काय करायला आलोय? ते चॅपलमधून पवित्र पाणी घेऊन आले, मारबतीवर शिंपडलं आणि पोरांसोबत शिवेपर्यंत चालत गेले. तेव्हापासून आमची मारबत आशीर्वाद घेतल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मी ही गोष्ट लिहिली होती. संपादक मीच होतो, तरी मलाच ती गाळायला लावली. मला अजून त्याचा राग आहे.

पंचक्रोशीतले लोक म्हणतात, त्या पाण्यामुळेच आमची मारबत नेम धरून लागते. हसू नका. गणिताचे कटरे सर पोरांचे कान पिळायचे. पोरांनी त्यांची मारबत चिखल्याच्या दिशेला नेऊन टाकली, आणि दिवाळीच्या आत सर चिखल्याला, खाणकामगारांच्या पोरांना शिकवायला! बोर्डिंगच्या एका सुपरवायझरची मारबत घाईघाईत जवाहरनगरला जाणाऱ्या फॅक्टरीच्या बसच्या टपावर फेकली गेली. त्याला तिथे दारूगोळ्याच्या कारखान्यात केंद्र सरकारची नोकरी लागली. तो अजून दरवर्षी पेढे घेऊन येतो. त्यानंतर आमच्या दोन मास्तरांनी दहावीच्या पोरांना गुपचूप समोसे चारून पाहिले, पण पोरं खाऊन मोकळी झाली. मच्छरांची मारबत मात्र कितीदा काढली तरी मच्छर कुठेही गेले नाहीत.

मी जागेश्वर बुधे. मराठी शिकवतो, बोर्डिंग सांभाळतो, आणि याच शाळेचा माजी विद्यार्थी आहे. माझी मारबत कधीच निघाली नव्हती. पोरांना मी आवडतो, अशी माझी समजूत होती.

मागल्या साली फादर कुरियाकोस मुख्याध्यापक म्हणून आले. उंच, किडकिडीत, केरळचे. पुस्तकात छापल्यासारखं मराठी बोलत. पोरं त्यांच्या मागे मागे फिरायची, कारण ते रागावायचेच नाहीत. पोरगं उशिरा आलं तर विचारायचे, “रस्त्यात काही छान दिसलं का?” आता अशा माणसाला काय म्हणावं?

या जूनमध्ये मी त्यांना शाळेचा इतिहास सांगत बसलो होतो. मारबतीचा भाग आला तसे ते खुर्चीत पुढे सरकले.

“ज्याची मारबत निघते त्याची बदली होते? नक्की?”

“तसं म्हणतात. पण तुम्ही नका घाबरू. पोरं तुमच्यावर जीव टाकतात.”

त्यांचं तोंडच उतरलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. कोट्टयमजवळच्या एका खेड्यात त्यांची म्हातारी आई एकटी राहते. बाकी भावंडं परदेशात. हल्ली ती दोन माणसांचा स्वयंपाक करते, ताट वाढते आणि दारात वाट पाहत बसते, असं शेजारचे फोनवर सांगतात. त्यांनी नागपूरच्या मोठ्या फादरांकडे केरळात बदली मागितली. पुन्हा मागितली. दर वेळी एकच उत्तर, तिथे सगळे तुमच्यावर खूश आहेत, थांबा थोडं.

“बुधे सर,” ते अगदी हळू म्हणाले, “मला मारबत व्हायचं आहे.”

मी हसलो नाही. हसलो असतो तर बरं झालं असतं, कारण पुढे मी जे केलं ते शहाण्या माणसाने करू नये. मी त्यांना वाईट वागायला शिकवायचं ठरवलं.

पहिला सल्ला, पोटावर मारा. सकाळचे पोहे बंद. फादरना ते लगेच पटलं. सेमिनरीत असताना त्यांना शिक्षा म्हणून रोज सकाळी तांदळाची पातळ कांजी प्यावी लागायची. ते आठवूनच त्यांनी तोंड वाकडं केलं. आमच्या स्वयंपाकीण सखाबाई. त्यांना बोलावून फादरनी हुकूम सोडला, उद्यापासून तांदूळ शिजवून त्याचं पाणी, मीठ घालून, बस्स.

सखाबाई पाहतच राहिल्या. “म्हंजे पेज?”

फादरना पेज हा शब्द ठाऊक नव्हता आणि मला तो वेळेवर सुचला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी वाट्या नाकाशी नेल्या आणि जेवणघरात एकच कल्ला झाला. धान पिकवणाऱ्या घरची पोरं ती! घरी आजीच्या हातची पेज पिऊन वाढलेली आणि बोर्डिंगात तिच्यासाठी झुरणारी. सखाबाईंनी वरून मिरचीचा ठेचा दिला. पातेली खरवडली गेली. दहावीचा मोरक्या मिथुन मिशीवरची पेज पुसत फादरांजवळ आला आणि म्हणाला, “फादर, आजपर्यंत कोनालेच हे सुचलं नोतं.”

“त्यांनी माझे आभार मानले,” फादर मला ऑफिसात म्हणाले. ते फार दुःखी होते.

मग मी म्हटलं, रविवारचं क्रिकेट बंद करा आणि पोरांना बोडी साफ करायला लावा. शेवाळ, चिखल, बेशरमाची झुडपं, सगळं हाताने काढायचं. हे कोणत्याही पोराला आवडणार नाही, मी पैजेवर सांगितलं. आता माझी अक्कल बघा. दहावीत निम्मी पोरं ढिवरांची, पिढ्यान्‌पिढ्या तलावात मासोळी धरणाऱ्या घरांतली. इतर वेळी बोडीत उतरलं की आम्ही बोंबलतो, आणि त्या दिवशी खुद्द मुख्याध्यापक हात जोडून म्हणतात, उतरा. मिथुनने सदरा काढून जी उडी मारली, तो थेट दुपारीच वर आला. बोडी साफ झाली, आणि टोपलीभर मासोळी निघाली. सखाबाईंनी ती तळली. तव्यावरचा वास घेत फादर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी लांबून डोळे वटारून खुणावत होतो, रागवा, रागवा. त्यांनी जमिनीवर मांडी घातली आणि ताट पुढे ओढलं. आईकडे अशीच मिळायची, म्हणाले. काटे काढायला मिथुन शेजारी बसला होता.

“तुम्ही असं केलं तर इथेच म्हातारे व्हाल,” मी त्यांना बजावलं. आता मलाच चेव चढला होता. पोरांना शिव्या द्या म्हटलं, तर त्यांना एकही येत नव्हती. मी एक साधीशी शिकवली, ती ते दुसऱ्या दिवशी विसरले. छडी हातात घ्या म्हटलं, तर त्यांनी ती घेतली आणि तिने नकाशात गोदावरी दाखवली. शेवटी पोळ्याच्या तोंडावर गणिताची परीक्षा लावली. पोरांनी नाकं मुरडली, मी खूश झालो. पण पेपर सुरू होताच त्यांचे पडलेले चेहरे पाहून फादरनी फळ्यावर सगळी उत्तरं सोडवून दिली.

असं करता करता पोळा आला. संध्याकाळी मैदानात बैलांचं तोरण तुटलं, गर्दी पांगली, आणि मिथुन दहावीची पोरं घेऊन माझ्या खोलीवर आला. प्रथेप्रमाणे ज्याची मारबत असेल त्याला आदल्या संध्याकाळी सांगतात आणि त्याचा एक जुना कपडा मागून नेतात.

“सर, तुमचा एखांदा सदरा द्या जी.”

“कोणासाठी?”

“तुमच्यासाठीच. यंदा तुमी.”

माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. एवढी वर्षं मी या पोरांना निबंध लिहून दिले, घरी जायला खोट्या सबबी सुचवल्या, आणि माझी मारबत!

“काहून बे?” माझी गावची बोली तोंडातून निसटली.

“फादर साधा मानूस आहे,” मिथुन म्हणाला. “तुमी त्यायच्या कानी लागून राहिले. क्रिकेट बंद करा म्हने, छडी घ्या म्हने. आमी खिडकीतून आयकलं. फादर तर वाळून चालले, सर. त्यायले डॉक्टरले दाखवा, अन् तुमी जा.”

“कोणत्या दिशेला नेणार होतात मला?”

“ते नाई ठरवलं. जिकडं लांब असन तिकडं.”

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. थोड्या रागाने, थोड्या जिवाच्या भीतीने, मी सगळं सांगून टाकलं. केरळ, म्हातारी, दोन माणसांचा स्वयंपाक, दारात वाट पाहणं, नागपूरचं उत्तर. पोरं ऐकत गेली तशी त्यांची चुळबुळ थांबली. बोर्डिंगात राहणाऱ्या पोराला आईपासून लांब असणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या वर्षी प्रत्येक जण उशीत तोंड खुपसून रडलेला असतो. मीही रडलो होतो.

“मंग पह्यले सांगाचं ना,” मिथुन म्हणाला. “फादर नाई पायजे म्हनून मारबत निघते. आमाले तर फादर पायजेच आहे.”

“म्हणूनच तर अडलंय,” मी म्हणालो.

पोरं खाली बसली. फादर गेले तर पुढचा कसा येईल, पेज बंद होईल का, बोडीत उतरू देईल का, हे सगळं बोलून झालं. मिथुन नखाने चटईची काडी उचकटत होता. मग तो उठला आणि म्हणाला, “पन केरळ कोन्या दिशेले आहे?”

ही खरी अडचण होती. मारबत जिथे पडते तिथे माणूस जातो, हा आमचा अनुभव. दक्षिणेच्या शिवेवर टाकली तर फादर फार तर भंडाऱ्याला पोचतील. जाळली तर त्यांना ताप भरेल, असं एकाने काढलं आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. मारबत थेट केरळात पोचायला हवी होती. तेव्हा योगेंद्र नावाचा पोरगा बोलला. त्याचा बाप गावाच्या टोकावरच्या राईस मिलमध्ये हमाल आहे. तो म्हणाला, “मिलमंदी केरळचा ट्रक उभा आहे. तांदूळ भरून झाला. सकाळी निंघते.”

रात्रीच आम्ही फादरना जाऊन सगळं सांगितलं, आणि सकाळी त्यांनी स्वतःचा पांढरा झगा काढून दिला. त्यात तणस कोंबली, बांबूचे हात लावले, पळसाच्या पानांचं डोकं केलं आणि वर जुना चष्मा चढवला. काटेकोरपणे बोलायचं तर पुरुषाच्या पुतळ्याला बडग्या म्हणतात, पण त्या दिवशी मी व्याकरण काढलं नाही. बाहुली इतकी हुबेहूब झाली होती की सखाबाईंनी सवयीने तिला नमस्कार केला. फादरनी पवित्र पाणी आणलं. स्वतःच्याच मारबतीला आशीर्वाद देणारा धर्मगुरू मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

डफडं वाजलं. पोरांनी बाहुली खांद्यावर घेतली. नेहमी फाटकाबाहेर पडताच जी बोंब उठते ती मात्र उठेना. पिंपळापाशी मिथुनने एकट्यानेच तोंड उघडलं.

“फादरले घेऊन जा गे मारबत! मायपाशी नेऊन दे गे मारबत!”

मग सगळी शाळा ओरडली. रस्त्यावरची बायामाणसं चक्रावून पाहत होती, कारण मारबत चाललेली आणि ओरडणारी पोरं रडत होती. फादर ताठ मानेने सगळ्यांत मागे चालत होते. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, मला माझंच सांभाळता येत नव्हतं.

मिलपाशी ट्रकवाल्याने झग्यातलं ते धूड येताना पाहिलं आणि गाडीच सुरू केली. पोरं हिंदीत ओरडली, मी हिंदीत समजावलं, तर तो आणखीच घाबरला. मेलेला पाद्री माझ्या गळ्यात मारता काय, पोलीस आहेत वाटेत! तेव्हा फादर पुढे झाले आणि मल्याळममध्ये बोलले. आम्ही त्यांना त्या भाषेत असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. भरभर, हात हलवत, एखाद्या खोडकर पोरासारखे बोलत होते. ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला. तो त्यांच्या गावापासून जवळचाच निघाला. क्लीनर रजेवर होता, म्हणून त्याने मारबत आपल्या शेजारी क्लीनरच्या जागी बसवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दोरीने बांधली. ट्रक वळणावर गेला तेव्हा काचेतून फादरांचा चष्मा चमकला. आमचे फादर आमच्याजवळ उभे राहून त्याला हात हलवत होते.

त्यानंतर फादर फोन आला की दचकायचे. एका दुपारी आईच्या शेजाऱ्यांचा फोन आला आणि ते धावत माझ्याकडे आले. ड्रायव्हरने म्हातारीच्या अंगणात मारबत उतरवली होती. आधी ती घाबरली, मग जवळ गेली, झगा चाचपला आणि रागावली. किती वाळलास रे, म्हणाली. ओट्यावर बसवून तिने त्याच्यापुढे ताट वाढलं.

हसता हसता सांगत होते आणि एकदम तोंड फिरवून उभे राहिले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तेवढंच सुचलं.

पण म्हातारी आम्ही समजलो तेवढी विसरभोळी नव्हती. संध्याकाळी ताट तसंच राहिलेलं पाहून तिने शेजारणीला नागपूरचा फोन लावायला लावला आणि मोठ्या फादरांना विचारलं, तणसाचा पोचला, हाडामांसाचा कधी पाठवता? मोठ्या फादरांना आधी काहीच कळलं नाही. मग त्यांनी आम्हाला फोन केला आणि मी त्यांना फादर ऑगस्टिनपासून सगळा इतिहास ऐकवला, स्मरणिकेतून गाळलेल्या भागासकट. दिवाळीच्या सुट्टीआधी बदली आली.

जायच्या दिवशी गाडी फाटकात उभी होती. पोरांनी हार घातले, सखाबाईंनी चिवड्याचा डबा दिला, सगळे आले. मिथुन तेवढा नव्हता. फादरनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, असेल कुठे तरी, गाडीला उशीर होतोय. ते बूट हातात घेऊन बोडीकडे चालू लागले.

मिथुन कमरेएवढ्या पाण्यात जाळं धरून उभा होता. मागे वळला नाही.

“तिकडचे पोट्टे कसे आहेत जी?” त्याने विचारलं.

“अजून पाहिले नाहीत.”

“त्यायले खूप तरास द्या. रोज. मंग ते तुमची मारबत काढतीन, अन् इकडं धाडतीन.”

“मला ते जमत नाही, मिथुन. तू पाहिलंस ना.”

“शिका मंग,” मिथुन म्हणाला, आणि तोंड दिसू नये म्हणून त्याने पाण्यात बुडी मारली.